पट्टी छापली, पण नोंद डिस्कवर उतरली का?

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानांचे सर्व्हर बसवताना मी आधी एकच गोष्ट ठरवून घेतो: लाइट गेली तर कोणती नोंद गेलेली चालेल आणि कोणती अजिबात चालणार नाही.

‘सेव्ह झालं’ असं दिसलं तरी नोंद रॅममध्ये किंवा डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये अडकलेली असू शकते. शेतकरी छापील पट्टी, म्हणजे मालविक्रीचा हिशेब, घेऊन गावी पोचतो आणि डेटाबेसात ती पट्टीच नसते. शेवटच्या नंबरात एक मिळवून पुढचा नंबर काढणारं सॉफ्टवेअर असेल, तर तोच नंबर दुसऱ्याच्या हळदीला लागतो. म्हणून कमिट, म्हणजे डेटाबेसने नोंद पक्की करणं, यशस्वी झाल्याचं उत्तर आल्यावरच प्रिंट सोडा.

आता डिस्क तपासा. 7200 आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला 120 फेऱ्या मारते. एकामागून एक कमिट करणाऱ्या एका कनेक्शनला साधारण तेवढेच पक्के कमिट मिळतात. पोस्टग्रेस या डेटाबेसबरोबर येणाऱ्या पीजी-टेस्ट-एफसिंक या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सेकंदाला हजारांचे आकडे दिसले, तर डेटा मधल्याच कुठल्यातरी कॅशमध्ये थांबतोय. ती कॅश रेड कार्डावरची (अनेक डिस्क एकत्र चालवणारं RAID कार्ड) असेल आणि त्याची बॅटरी धड असेल तर ते चालतं. बॅटरी गेली की कार्ड राइट-थ्रूवर टाका, म्हणजे ते कॅशमध्ये न थांबता थेट डिस्कवर लिहील. एसएसडी घेताना पॉवर लॉस प्रोटेक्शन, म्हणजे लाइट गेली तरी कॅशमधला डेटा वाचवण्याची सोय, असलेलीच घ्या. तिथे पैसे वाचवू नका. यूपीएस हवाच, पण आतला पॉवर सप्लाय जळाला तर तो काय करणार?

वेग वाढवायचा तर आधी कमिट कमी करा. एका लॉटची 40 पोती, प्रत्येक वजनाला वेगळा कमिट, म्हणजे 40 वेळा डिस्कची वाट पाहणं. सगळी वजनं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच कमिटने पक्क्या होणाऱ्या गटात, घाला. पक्केपणा तसूभरही कमी होत नाही. बहुतेक दुकानांचं काम एवढ्यावरच भागतं.

तरीही हळू वाटलं, तर पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस कमिट (नोंद डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं) बंद करता येतं, तेही एकेका ट्रान्झॅक्शनपुरतं. मूळ सेटिंगवर लाइट गेली तर फार तर शेवटच्या 600 मिलिसेकंदांतले कमिट जातात, डेटाबेस मात्र शाबूत राहतो. लॉगिनच्या नोंदी, काट्याचं कच्चं रीडिंग यांना ते खुशाल लावा. पट्टी, उचल, पेमेंट यांना नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये लॉग फ्लशचं (नोंदींचा लॉग डिस्कवर उतरवण्याचं) सेटिंग 1 वरून 2 केलं, तर लाइट गेल्यावर साधारण सेकंदभराच्या नोंदी जाऊ शकतात. एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर उतरवायचा आदेशच, बंद करणं वेगळंच प्रकरण आहे: त्यात अख्खा डेटाबेस बिघडू शकतो. चालू दुकानात त्याला हात लावू नका.

हळदीचा हंगाम सुरू व्हायच्या आत एक चाचणी घ्या, तीही तशाच पण रिकाम्या मशीनवर. सतत नोंदी घालत राहा आणि यशस्वी झालेला प्रत्येक नंबर नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर लिहून ठेवा. मग शटडाउन न करता थेट प्लग काढा. मशीन परत सुरू झालं की नंबर ताडून बघा. सिंक्रोनस कमिट चालू असताना एक जरी नंबर गायब असला, तरी ती डिस्क पट्ट्यांसाठी वापरू नका.