‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’: दोन उच्चार दहा मिनिटांत कसे शिकवायचे

मराठीत ‘व’ एकच, इंग्रजीत दोन: v आणि w. त्यामुळे नागपुरातल्या वर्गात ‘व्हाइन’ म्हणजे वेल आणि ‘वाइन’ म्हणजे मद्य, दोन्ही सारखेच ऐकू येतात.

आधी फक्त ऐकवा. फळ्यावर १ खाली ‘व्हेट, व्हेस्ट, व्हाइन’ (vet, vest, vine) आणि २ खाली ‘वेट, वेस्ट, वाइन’ (wet, west, wine) लिहा, अर्थातच रोमन लिपीत. तोंडासमोर वही धरा, म्हणजे ओठ पाहून कोणी ओळखणार नाही. एकेक शब्द म्हणा. मुलांनी एक किंवा दोन बोटं दाखवायची. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत बोलायला लावू नका. कानाला फरक कळला नसेल, तर जिभेला कुठून कळणार?

मग तोंड. पहिल्या उच्चारात वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेला हलके टेकतात, आवाज तीन सेकंद लांबवला की ओठाला गुदगुल्या होतात. दुसऱ्यात दातांचं काम नाही; शिट्टी वाजवतो तसे ओठ गोल करून ‘ऊ’ म्हणायचं आणि लगेच पुढच्या स्वरावर उडी मारायची: ऊ-एट, वेट.

खरी गडबड आपल्या लिपीची. ‘व्ह’ लिहिलेलं वाचून मुलं त्यात ‘ह’चा श्वास मिसळतात. म्हणून वहीत देवनागरी उच्चार लिहू देऊ नका. काही जण नवा उच्चार जमला की ‘वॉटर’लाही दात लावतात, ते सरावाने निवळतं.

शेवटी जोडीने: ‘वी वेंट टू वर्धा इन अ व्हॅन.’ आधी सावकाश, मग बोलण्याच्या वेगात.