व्हीलचेअर माणसाच्या मापाची कशी करावी

व्हीलचेअरवर बसलेला माणूस सारखा पुढे घसरतो आणि घरची मंडळी काखेत हात घालून त्याला वर ओढत राहतात. हे बऱ्याच घरांत इतकं अंगवळणी पडलेलं असतं की दोष खुर्चीचा असू शकतो, हे कुणाच्या मनातही येत नाही. उलट ‘जरा सरळ बसा ना’ म्हणून बसणाऱ्यालाच बोल लावला जातो. त्याला बोलण्याआधी मोजपट्टी काढा.

माप झोपवून घेऊ नका. कडक बाकावर किंवा खुर्चीवर बसवा, पाय टेकलेले असू द्या आणि पायांत रोजच्या चपला-बूट असू द्या.

पहिलं माप रुंदीचं. नितंबांच्या सर्वांत रुंद भागाला दोन्ही बाजूंनी एकेक पुस्तक उभं टेकवा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा. टेप अंगावरून वळवून घेतलं की माप हमखास जास्त भरतं. बैठक या मापाइतकी किंवा फार तर दोनेक सेंटिमीटर जास्त रुंद हवी. ‘ऐसपैस असू दे’ म्हणून मोठी खुर्ची घेतली की माणूस एका कुशीवर कलतो, आणि चाकांपर्यंत हात पोचवायला खांदे फाकवावे लागतात.

दुसरं माप बैठकीच्या खोलीचं, म्हणजे पाठटेकीपासून पुढच्या कडेपर्यंतच्या लांबीचं, आणि घसरण्याचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं. नितंबांच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजा. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा, कारण ते सारखे भरतीलच असं नाही. जो आकडा कमी येईल त्यातून 3 ते 5 सेंटिमीटर वजा करा, बैठक तेवढीच खोल हवी. बसल्यावर बैठकीची कड आणि पोटरी यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत. खोली जास्त असली की कड गुडघ्यामागे रुतते. ती टाळायला शरीर आपोआप पुढे सरकतं, कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतं आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. अशा वेळी कितीही वर ओढा, दहा मिनिटांत पुन्हा तेच.

तिसरं, पाय ठेवायच्या पट्ट्या. गादीवर बसल्यावर मांड्या पूर्ण टेकलेल्या हव्यात. पट्ट्या फार वर असतील तर गुडघे उचलले जाऊन भार बुडावर येतो, फार खाली असतील तर आधार शोधत माणूस पुढे घसरतो. जमिनीपासून किमान 5 सेंटिमीटर अंतर ठेवा. पाठटेकीचं म्हणाल, तर स्वतः चाकं फिरवणाऱ्याला ती खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाच्या खाली हवी. धड सावरत नसेल तर उंच.

आता बसवा, आणि सुरुवात कंबरेपासून करा. मान किंवा खांदे आधी सरळ करायला जाऊ नका. नितंब पार मागे टेकवा. समोर बसून कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या टोकदार हाडांवर अंगठे ठेवा. दोन्ही अंगठे एका रेषेत आहेत का? नसतील तर हळूच हाताने सरळ करून पाहा. कंबर सरळ होत असेल तर आधार देऊन तशी ठेवता येते. होत नसेल, तर जोर करू नका. तिथे आहे त्या ठेवणीलाच आधार द्यायचा असतो, आणि ते काम सीटिंगचा, म्हणजे व्हीलचेअरवर नीट बसवण्याचा, अनुभव असलेल्या थेरपिस्टचं. जखम असेल, मूल वाढतं असेल किंवा पाठीचा कणा वाकडा असेल, तरीही आधी त्यांच्याकडेच जा.

खुर्चीला बांधायचा पट्टा पोटावर नको, मांडी आणि कंबर जिथे मुडपतात तिथे हवा. घसरणं थांबवायला पट्टा आवळणं धोक्याचं आहे, कारण माणूस त्याखालून सरकला तर पट्टा छातीवर, गळ्यावर येऊ शकतो.

गादीची परीक्षा हातानेच होते. बसणाऱ्याला पुढे वाकवा, तळवा वर करून बोटांची टोकं बैठकीच्या हाडाखाली (बसल्यावर नितंबात खाली लागणारं टोकदार हाड) सरकवा, मग त्याला नेहमीसारखं बसू द्या. बोटांची टोकं 5 मिलिमीटरभर वर-खाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर काढता येतात, तर सावध व्हा. चेंगरून अडकली, तर ती गादी त्या माणसासाठी नाही. दोन्ही बाजू तपासा. मधोमध भोक असलेली गोल गादी मात्र नकोच. कडेच्या भागावर दाब वाढून तिथला रक्तपुरवठा आवळला जातो.

चांगली गादी असली तरी दाब अधूनमधून हलका करावा लागतोच. हातांवर जोर देऊन अंग उचलणं खांद्यांना महागात पडतं, शिवाय रक्तप्रवाह पूर्ववत व्हायला दोनेक मिनिटं लागू शकतात आणि तेवढं कोण उचलून धरणार? छाती मांड्यांकडे नेत पुढे वाकणं जास्त जमण्यासारखं. किती वेळाने आणि किती वेळ, हे थेरपिस्टकडून ठरवून घ्या. रात्री कातडी पाहा. दाब काढून अर्ध्या तासानंतरही लाली टिकली, तर तो भाग पूर्ण बरा होईपर्यंत त्यावर बसवू नका. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतंय का ते बघा.

स्वतः खुर्ची चालवणाऱ्यासाठी आणखी एक तपासणी: हात सैल सोडला की बोटांची टोकं मागच्या चाकाच्या आसापर्यंत यावीत. आस पुढे घेतला की खुर्ची हलकी पळते, पण मागे उलटण्याची भीतीही वाढते. मांडीपासून पाय गेलेल्यांचा तोल मुळातच मागे असतो, त्यांच्यासाठी आस मागे हवा.

आणि हवेचे टायर असतील तर हवा दर आठवड्याला बघा. हवा कमी झाली की ब्रेक लावूनही चाक सरकतं, नेमकं खुर्चीतून पलंगावर जाताना.