पहिल्या कळा सुरू झाल्यावर: घरातली तयारी

बॅग, फाइल, गाडी हे सगळेच करतात. पुढे चला.

लघवी. कळा सुरू झाल्या की दर दोन तासांनी लघवीला जायचं, लागली असो वा नसो. मूत्राशय गर्भपिशवीच्या अगदी पुढ्यात असतं. ते तुंबलं की बाळाचं डोकं खाली सरकायला अडतं आणि कळा वाया जातात. कळांच्या जोरात लघवीची जाणीव होत नाही, म्हणून सोबतच्या माणसाने फोनवर गजर आजच लावून ठेवावा. आजच, त्या दिवशी नाही.

गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडेपर्यंतचा हा टप्पा किती चालेल, ते आधी सांगता येत नाही. पहिलटकरणीला २० तासही लागू शकतात, पुढच्या खेपेला बहुधा कमी. तोंड आधीच मऊ आणि पातळ झालेलं असेल तर लवकर उरकतं. घट्ट असताना औषधाने कळा आणल्या तर एखादा दिवस सहज जातो. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कळा कंबरेत येतात आणि वेळ लांबतो. अशा वेळी उताणं पडू नका. हात-गुडघ्यांवर ओणवं व्हा किंवा कुशीवर झोपा.

रात्री सुरू झालं तर घर जागं करू नका, झोपा. भीती आणि गर्दीने कळा मंदावतात, आणि दमलेल्या बाईला खरे कष्ट पुढेच असतात. हलकं खा, घोट घोट पाणी प्या. आणि पाणी प्यायलात की लघवी!

कळा मोजताना एकीच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोजा. मधला रिकामा वेळ मोजला की हिशेब चुकतो. दर ५ मिनिटांनी, मिनिटभराची, अशा तासभर आल्या की निघा. दुसरी खेप असेल, आधी सिझेरियन झालं असेल किंवा दवाखाना लांब असेल तर त्याआधीच. निघताना पुन्हा लघवी.

बाळाभोवतीचं पाणी गेलं (हिरवट असेल तर अजिबात थांबू नका), रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी झाली, ३७ आठवडे पूर्ण नाहीत: मोजत बसू नका, लगेच निघा.

दवाखान्यात तोंड ३ सेंटीमीटरच उघडलंय म्हणून घरी पाठवलं तर घाबरू नका. एपिड्युरल (वेदना कमी करायला पाठीत देतात ते भुलीचं औषध) घेतलं तर लघवीची संवेदना जाते, बहुधा नळीने काढावी लागते. शेवटची कधी काढली, ते नर्सला विचारत राहा.