प्लेटलेटच्या पिशवीत पांढऱ्या पेशी शिरतात कुठून? या चुका टाळा

पावसाळा लागला की कोल्हापुरात डेंगी डोकं वर काढतो आणि रक्तपेढीच्या दारात प्लेटलेटसाठी नातेवाईक ताटकळतात. पांढऱ्या पेशी पिशवीत शिरतात त्या याच घाईत. मग रुग्णाला हुडहुडी भरून ताप येतो. कॅन्सरच्या ज्या रुग्णांना वरचेवर प्लेटलेट लागतात, त्यांच्या अंगात एचएलए प्रतिपिंडं (परक्या पेशींवरच्या खुणांविरुद्धची) तयार होतात आणि पुढे चढवलेल्या प्लेटलेट टिकतच नाहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हावरेपणा. रक्ताची पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये हलकी फिरवली (हलका स्पिन) की वर प्लेटलेट असलेला पिवळा प्लाझ्मा, खाली तांबड्या पेशी, मधे पांढऱ्या पेशींचा सायीसारखा थर, म्हणजे बफी कोट. तांबडा-पांढरा वेगवेगळ्या वाटीत वाढायचा, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. पण एक्स्ट्रॅक्टरवर पिशवी दाबून वरचा प्लाझ्मा नळीतून दुसऱ्या पिशवीत घेताना "अजून थोडं येऊ दे" म्हणत क्लॅम्प लावायला उशीर होतोच. नवीन असताना मीही केलाय. सरांनी नळी उजेडासमोर धरली, तर आत गुलाबी धागा चढलेला. तेव्हापासून मी बोटभर प्लाझ्मा मागे सोडतो. थोड्या प्लेटलेट जातात, जाऊ देत.

थरच विस्कटला असेल तर हातात कितीही सफाई असो, उपयोग नाही. ब्रेक जोरात लागला, सेंट्रिफ्यूजच्या कपात पिशवीला घडी पडली, उचलताना हिसका बसला, की बफी कोट वर उसळलाच. दुसऱ्या पेढीचे आरपीएमही (मिनिटाला फेरे) उतरवून घेऊ नका. रोटरची त्रिज्या बदलली की जी-फोर्स, म्हणजे पेशींवरचा ओढा, बदलतो.

फिल्टरची गल्लत वेगळीच. रक्त चढवायच्या साध्या सेटमधली 170 ते 200 मायक्रॉनची जाळी गुठळ्या अडवते, पेशी नाही. पांढऱ्या पेशी गाळायला तांबड्या पेशींच्या पिशवीसाठीचा फिल्टर लावलात तर प्लेटलेटच त्यात अडकतील. आणि फिल्टर साठवणीआधी लावावा: 20 ते 24 अंशांवर पिशवी हलत असताना पांढऱ्या पेशी सायटोकाइन (ताप आणणारी रसायनं) सोडत राहतात, ती खाटेजवळच्या फिल्टरने निघत नाहीत. इरॅडिएशनने (पिशवीला किरण दिल्याने) पेशी कमी होत नाहीत, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची वाढ तेवढी थांबते. एकाचं काम दुसऱ्यावर ढकलू नका.

शेवटी मोजणी. सेल काउंटरने (पेशी मोजायच्या नेहमीच्या यंत्राने) 0.0 दाखवलं म्हणून सही ठोकू नका. अफेरेसिसच्या (दात्याकडून यंत्राने थेट प्लेटलेट वेगळ्या काढलेल्या) पिशवीला अमेरिकेत 50 लाखांच्या, युरोपात 10 लाखांच्या आत पांढऱ्या पेशी हव्यात. इतक्या विरळ पेशी त्या यंत्राला नीट दिसत नाहीत. नॅजॉट चेंबर (सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची काच) नाहीतर फ्लो सायटोमेट्रीच (लेझरने एकेक पेशी मोजणं) लागते.