डुरानला कितवा नंबर द्यायचा? वजनगट बदलणाऱ्या बॉक्सरची यादी लावण्याची रीत

अमळनेरला मी खेळशिक्षक आहे आणि संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवतो. सराव संपल्यावर ग्लोव्ह्ज वाळत घालता घालता वाद हमखास पेटतो: सगळ्यात मोठा बॉक्सर कोण? ‘सर, पॅक्याओचे आठ गटांत किताब आहेत, मग विषय संपला ना!’ असं कोणीतरी म्हणतंच. माझ्या मते विषय तिथे सुरू होतो. नुसते किताब मोजून नंबर लावला की लढती मागे राहतात. म्हणून मी पोरांना वहीत यादी करायला लावतो आणि शिकवण्यासाठी पनामाचा रॉबर्टो डुरान घेतो. त्याच्याइतकं कसाला लावणारं नाव नाही.

वहीत आधी वजनं लिहा, आणि किलोत लिहा. लाइटवेट 61.2, वेल्टरवेट 66.7, ज्युनियर मिडलवेट 69.9, मिडलवेट 72.6. लाइटवेट ते मिडलवेट अंतर अकरा किलोंच्या वर जातं. जळगावला जिल्हा स्पर्धेत माझ्या एका पोराचं वजन काट्यावर तीनशे ग्रॅम जास्त भरलं होतं. दोन स्वेटर चढवून ऑक्टोबरच्या उन्हात त्याने दोरीउड्या मारल्या, थुंकत राहिला, ओठ पांढरे पडले. वजन बसलं. पण दुपारी दुसऱ्याच राउंडला त्याचे हात खाली यायला लागले. तीनशे ग्रॅमनी ही गत होते, तर अकरा किलो वर चढून जन्मजात मोठ्या हाडाच्या माणसासमोर उभं राहणं काय असेल, हे पोरांना त्या दिवसापासून वेगळं सांगावं लागत नाही.

मग प्रत्येक गटाला वेगळं पान द्या. पानावर चार गोष्टी हव्यात: समोर कोण होता, त्या वेळी तो किती भरात होता, दोघांचं खरं वजन काय होतं आणि निकाल काय लागला. किताबाचं नाव सगळ्यात शेवटी, कारण किताबांचा भाव काळाप्रमाणे बदलला आहे. हेन्री आर्मस्ट्राँगने 1938 मध्ये फेदर (लाइटच्या खालचा गट), लाइट आणि वेल्टर हे तिन्ही किताब एकाच वेळी हातात धरले, तेव्हा मुळात गटच आठ होते. आज सतरा गट आहेत आणि प्रत्येक गटात चार मोठ्या संस्थांचे वेगवेगळे किताब आहेत. आर्मस्ट्राँगचे तीन आणि आजचे तीन एका रांगेत बसवता येत नाहीत.

डुरानचं पहिलं पान लाइटवेटचं. तो मूळचा याच गटातला, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 26 जून 1972 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने केन ब्यूकॅननकडून किताब घेतला. तेराव्या राउंडच्या शेवटी कमरेखाली बसलेल्या फटक्यावरून ती लढत वादग्रस्त ठरली. तो वाद पानावर लिहा, पण गुणांत डुरान तोवर बराच पुढे होता, हेही लिहा. त्यानंतर बारा वेळा किताब राखला, त्यातल्या अकरा लढती नॉकआउटने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्टेबान दे हेसूसने त्याला पहिल्याच राउंडला पाडलं आणि गुणांवर हरवलं. किताब पणाला नव्हता, पण हार ती हार. पुढे 1974 आणि 1978 मध्ये डुरानने त्याच दे हेसूसला दोनदा नॉकआउट केलं. हरवणाऱ्याला शोधून काढून त्याच्याशी पुन्हा लढणं, याला मी किताब राखण्याइतकेच गुण देतो. या गटात त्याच्या शेजारी फक्त बेनी लिओनार्ड उभा राहतो. मी डुरानला पहिला ठेवतो.

वेल्टरवेटचं पान लहान आहे आणि खरी गफलत इथेच होते. 20 जून 1980, माँट्रियल: तोवर एकही लढत न हरलेल्या शुगर रे लिओनार्डला त्याने पंधरा राउंडमध्ये गुणांवर हरवलं. पाचच महिन्यांत न्यू ऑर्लिन्सला त्याच लिओनार्डसमोर आठव्या राउंडला त्याने लढत सोडून दिली. या पानावर वजनदार असं एवढंच. म्हणून वेल्टरवेटच्या यादीत मी त्याला पहिल्या दहात घेत नाही. तिथे शुगर रे रॉबिन्सन आणि आर्मस्ट्राँग आहेत, वर्षानुवर्षं त्या गटात राहिलेली माणसं आहेत. पण एकूण यादी लावताना माँट्रियलची ती एक रात्र फार वर धरावी लागते. गटातला नंबर आणि एकूण नंबर हे दोन वेगळे हिशोब आहेत, ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

वरच्या गटांतल्या हारी वाचताना घाई करू नका. 1982 मध्ये बेनिटेझकडून, 1984 मध्ये हर्न्सकडून दुसऱ्याच राउंडला, अशा हारी आहेत. हर्न्सची हार पूर्ण मोजा, तिथे डुरानला काही सुचलंच नाही. पण नोव्हेंबर 1983 ची मार्विन हॅगलरशी लढत बघा. हॅगलर मिडलवेटचा निर्विवाद राजा, आणि पंधरा राउंडनंतर पंचांच्या तक्त्यांवर फरक एका-दोन गुणांचा: 144-142, 144-143, 146-145. खालच्या गटातून आलेल्या माणसाची ही हार मी कित्येक विजयांच्या वर ठेवतो. शुगर रे रॉबिन्सनचंही तसंच. जून 1952 मध्ये यांकी स्टेडियमला तो जवळपास सात किलोंनी जड असलेल्या जोई मॅक्सिमसमोर उतरला. चाळीस अंश तापमान होतं, दहाव्या राउंडनंतर रेफ्रीच बदलावा लागला. गुणांत पुढे असलेला रॉबिन्सन चौदाव्या राउंडसाठी उठू शकला नाही. आपल्याकडे मे महिन्यात चाळीस अंशांत कोणी बॅगसुद्धा मारत नाही.

आणखी एक तपासा: ठरवून घेतलेलं वजन. पॅक्याओने मार्गारिटोशी ज्युनियर मिडलवेटचा किताब घेतला, तेव्हा मर्यादा 69.9 ऐवजी 68 किलोंवर आणली होती. यासाठी थोडे गुण कापा. मात्र पॅक्याओ स्वतः वजनाच्या वेळी 66 किलोंच्याही आत भरला, तेही शेजारी लिहा.

डुरानचं शेवटचं पान फेब्रुवारी 1989 चं. वय 37, समोर इराण बार्कली, ज्याने आदल्याच वर्षी हर्न्सला नॉकआउट केलं होतं. अकराव्या राउंडला डुरानने त्याला खाली बसवलं आणि मिडलवेटचा किताब घेतला. या एका लढतीने तो मिडलवेटच्या मोठ्यांत बसत नाही, पण एकूण यादीत याच लढतीमुळे मी त्याला एक पायरी वर घेतो: रॉबिन्सन पहिला, आर्मस्ट्राँग दुसरा आणि पहिल्या पाचांत डुरान. तुमची यादी वेगळी निघाली तर पानं समोरासमोर ठेवा आणि ज्या लढतीवर गुण वेगळे पडले, तिचं चित्रीकरण पूर्ण बघा, आवाज बंद करून.