लॉजिकमध्ये पीएचडी करायचीय? आधी ही दोन उदाहरणं हातानं सोडवा

ठाणे-नवी मुंबईतून एम.एस्सी. गणित करणाऱ्यांचं अल्जिब्रा आणि टोपॉलॉजी बऱ्यापैकी झालेलं असतं, लॉजिक मात्र बहुधा राहून जातं. त्यानं बिचकू नका. अल्जिब्राइक लॉजिक या शाखेत लॉजिकचे प्रश्न त्या दोन विषयांतच उतरवून सोडवतात. फक्त अर्ज करण्याआधी दोन उदाहरणं पूर्ण सोडवलेली हवीत.

पहिलं स्टोन ड्युऍलिटीचं (1936), म्हणजे प्रत्येक बूलियन अल्जिब्राला ('आणि', 'किंवा', 'नाही' यांच्या अल्जिब्राला) एक टोपॉलॉजिकल अवकाश जोडण्याचं. 8 घटकांच्या बूलियन अल्जिब्रातून 3 सुटे बिंदू मिळतात आणि सगळं सोपं वाटतं. फसगत इथेच होते, कारण सांत उदाहरणात टोपॉलॉजीला कामच नसतं. म्हणून नैसर्गिक संख्यांचे असे उपसंच घ्या, जे सांत आहेत किंवा ज्यांचा पूरक संच सांत आहे. आता अल्ट्राफिल्टर शोधा, म्हणजे संचांची अशी सुसंगत निवड, की प्रत्येक संच आणि त्याचा पूरक यांतला नेमका एक तिच्यात येतो. हेच अवकाशाचे बिंदू. प्रत्येक संख्येचा एक मिळतो. शिवाय सांत पूरक असलेल्या सगळ्या संचांचा मिळून आणखी एक. हा शेवटचा हमखास सुटतो. तो गाळला तर अवकाश कॉम्पॅक्ट राहत नाही आणि क्लोपन (ओपन आणि क्लोज्ड दोन्ही असलेले) संच काढताना सगळेच उपसंच हाती येतात. सम संख्यांचा संचही येतो, जो मूळ अल्जिब्रात नव्हताच. प्रपोझिशनल लॉजिकचं कॉम्पॅक्टनेस प्रमेय म्हणजे स्टोन अवकाशाचा हाच कॉम्पॅक्ट असण्याचा गुण. हे ध्यानात आलं की निम्मी लढाई संपली.

दुसरं हेटिंग अल्जिब्राचं, म्हणजे इन्ट्यूशनिस्टिक लॉजिकसाठी बूलियन अल्जिब्राच्या जागी येणाऱ्या रचनेचं. वास्तव संख्यारेषेवरचे ओपन संच घ्या. U म्हणजे शून्य वगळून उरलेली रेषा. इथे 'U नाही' म्हणजे पूरक संच नव्हे, पूरकाचं इंटिरिअर. बूलियन सवयीनं चूक होते ती इथे. पूरकात एकटं शून्य, त्याचं इंटिरिअर रिकामं. म्हणून 'U किंवा U नाही' यातून पूर्ण रेषा मिळत नाही, शून्य बाहेरच राहतं. 'एक तर विधान खरं, नाहीतर त्याचा नकार खरा' हा नियम इन्ट्यूशनिस्टिक लॉजिकमध्ये का सिद्ध होत नाही, ते एवढ्यात कळतं. पुढे मॅकिन्सी-टार्स्की (1944), प्रिस्टली (1970) आणि एसाकिया (1974) यांचे पेपर याच क्रमानं घ्या. कॅटेगरी थिअरी आधी पुरी करायचा हट्ट नको. फंक्टर आणि ॲडजंक्शनपर्यंत आलं की पुरे.

लोकलमध्ये व्याख्या पाठ होतात, सिद्धता नाही. तिला टेबल लागतं.

भारतात जागा मोजक्याच. चेन्नईच्या आयएमएससीत (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस) लॉजिकचा ओढा कॉम्प्युटर सायन्सकडे आहे, तर अल्जिब्राइक लॉजिकसाठी आयआयटी कानपूर पाहा. बाहेर ॲम्स्टरडॅमचा 'मास्टर ऑफ लॉजिक' 2 वर्षांचा, 120 क्रेडिटचा. संस्थेचं नाव बघून अर्ज टाकू नका. ज्यांच्याकडे काम करायचं त्यांचे अलीकडचे पेपर उघडा. गाइडला मेल लिहिताना 'मला लॉजिकची आवड आहे' यानं काही साधत नाही. कोणत्या प्रमेयाची सिद्धता पूर्ण येते आणि कोणत्या पायरीवर अडलात, ते चार ओळींत लिहा. बायोडेटा सोबत जोडा, मेलमध्ये चिकटवू नका.