वयात येणाऱ्या मुलांचं खाणं बिघडलंय? या चुका टाळा

पाचवी-सहावीतलं पोर एकाएकी तिरसट बोलायला लागतं, भरलं ताट सरकवून उठतं आणि रात्री सगळे झोपल्यावर चिवड्याचा डबा रिकामा करतं. घरचे म्हणतात, लाडाने बिघडलं. मुलींचं शरीर साधारण 8 ते 13 आणि मुलांचं 9 ते 14 या वयात बदलायला लागतं. भूक वाढते, मन जरा जरा गोष्टीने दुखावतं, पण स्वतःला आवरण्याची मेंदूची ताकद पूर्ण यायला पंचविशी उजाडते. म्हणून ताटाकडे बघण्याआधी पोराच्या चेहऱ्याकडे बघा.

अंगावरून बोलणं. सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. लग्नसराईत वरण-बट्टीच्या पंगतीला हे हमखास दिसतं. मावशी आग्रहाने तुपात बुडवलेली बट्टी वाढते आणि त्याच दमात म्हणते, “केवढी सुटलीस गं!” अकरा वर्षांची पोर मान खाली घालून बट्टी नुसती कुस्करत राहते. तिथे ती अर्धपोटी उठते. संध्याकाळी एकटी असली की भराभर, चवही न घेता खाते. मग स्वतःचाच राग येतो, मन आणखी उतरतं आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. वयात येताना अंग थोडं भरणं स्वाभाविक आहे. मावशीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा, “तिच्या अंगावरून काही बोलू नका.” हे सांगणं आईबापाचंच काम आहे, पोरीचं नाही.

खाऊ कुलपात ठेवणं. लपवलं की मन तिथेच घुटमळतं. केळीचे वेफर्स वाटीत काढा, सगळ्यांनी मिळून खा. पाकीट हातात देऊ नका. “मार्क कमी पडले, आज शेवभाजी नाही” ही शिक्षाही बंद करा.

दिवसाची उपासमार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटली की जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो. उन्हाने भूक मरते, पोरं बर्फगोळा आणि थंड पेयांवर दिवस काढतात आणि रात्री मात्र आवरत नाहीत. याला हावरटपणा म्हणू नका, ती दिवसभराची भूक आहे. सकाळी ऊन चढायच्या आत दादर ज्वारीची भाकरी-दाण्याची चटणी, दुपारी ताक, मधे एखादं केळं असं थोडं थोडं पोटात जाऊ द्या. बारा वर्षांपर्यंत 9 ते 12 तास झोप लागते. रात्री मोबाइल चालू राहिला की ती तुटते आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड ठरलेली.

सगळं स्वभावावर ढकलणं. अंगात रक्त कमी असलं तरी पोर चिडचिडं आणि मरगळलेलं होतं. काहींना माती, खडू खावासा वाटतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी “मळमळतं” म्हणून फेकू देऊ नका. जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो.

वजन झपाट्याने उतरत असेल, जेवल्या जेवल्या मूल उलटी काढत असेल, चक्कर येत असेल किंवा सुरू झालेली पाळी थांबली असेल, तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा. “मला जगायचंच नाही” असं बोललं तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना वहीत टिपून न्या: मुलाने कधी, काय खाल्लं आणि त्याच्या आधी घरात किंवा शाळेत काय घडलं होतं.